मुंबईबाहेर घर शोधताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्यांनी केली, त्यांना लोकलचा पास काढावा लागत नव्हता. आज मुंबईत नोकरी-धंदा करणारा माणूस घर शोधतो ते रेल्वेचे वेळापत्रक हातात धरून. डोंगरी, मदनपुरा, कुर्ला, जोगेश्वरी इथल्या छोट्या खोल्यांत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. मुले मोठी झाली, सुना आल्या, नातवंडे झाली. खोली मात्र तेवढीच राहिली. मग एका रात्री जेवण आटोपल्यावर विषय निघतो. मुंब्रा पाहू की मीरा रोड? पनवेल बरे की कल्याण? वाचक भेटतात तेव्हा आम्हालाही हाच प्रश्न विचारतात. म्हणून या महिन्यात त्याविषयी बोलू.

अमुक ठिकाणीच घ्या, असे आम्ही सांगणार नाही. ज्याचे दुकान मस्जिद बंदरला आहे आणि ज्याची नोकरी अंधेरीला आहे, त्या दोघांना एकच गाव सोयीचे कसे होईल? पण काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे सांगता येते. आपल्या बहुतेक घरांत हा व्यवहार आयुष्यात एकदाच होतो. त्यात अब्बांची ग्रॅच्युइटी असते, गावच्या जमिनीचा हिस्सा असतो, घरातल्या बायकांचे दागिने असतात, कुणाची आखातात एकट्याने काढलेली वर्षे असतात. एवढे सगळे ज्या कागदावर लावायचे, तो कागद रविवारी दुपारी तासाभरात पाहून सही करण्याचा नाही.

आधी तासांचा हिशेब

दलाल नेहमी स्टेशनपासूनचे अंतर सांगतो, तेही 'पाच मिनिटे' असे. तुम्ही हिशेब मांडावा तो घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत. घरातून स्टेशन, रिक्षाची रांग, गाडीची वाट, प्रत्यक्ष प्रवास, उतरल्यावर बस किंवा पायपीट, हे सारे मिळून एका वेळचा दीड तास होत असेल तर दिवसाचे तीन तास झाले. महिन्यात पंचवीस दिवस काम धरले तर ७५ तास. वर्षाचे ९०० तास. म्हणजे साडेसदतीस अखंड दिवस, रात्रींसकट, माणूस वाटेत असतो.

हे तास कुठून येतात? ते मुलांच्या अभ्यासातून, बायकोशी बोलण्यातून, म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ बसण्यातून आणि स्वतःच्या झोपेतून येतात. मुले उठण्याआधी बाप निघतो आणि ती झोपल्यावर परततो, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. दोन खोल्यांचे तीन खोल्या झाल्या, पण रोज संध्याकाळी त्या घरात एक माणूस कमी असतो. रमजानमध्ये तर हा हिशेब उघडाच पडतो. इफ्तार घरच्या दस्तरखानावर होणार की डब्यात उभ्याने खजूर तोंडात टाकून, हे शेवटी तुम्ही निवडलेल्या स्टेशनावर ठरते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी सलग तीन दिवस तो प्रवास प्रत्यक्ष करावा. सुटीच्या दिवशी नव्हे. सोमवारी, सकाळी आठच्या गाडीने जावे आणि संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीतून परतावे. घरातली स्त्री नोकरी करत असेल, मुलगी कॉलेजला जाणार असेल, तर तिनेही तो प्रवास करून पाहावा. जागा मिळणे सोडाच, डब्यात पाय ठेवता येतो का, हे तिलाच कळेल. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा आणि दिवा स्थानकांदरम्यान दारात लटकलेले प्रवासी खाली पडून दगावले. त्यांतला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस होता. गर्दी ही सवयीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

चार दिशा, चार स्वभाव

मुंब्रा-कौसा हा ठाणे महानगरपालिकेचा भाग. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून अनेक मुस्लिम कुटुंबे इकडे आली आणि डोंगर व खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एक मोठे शहरच उभे राहिले. भाव त्या मानाने आवाक्यात आहेत. मशिदी, मदरसे, उर्दू आणि इंग्रजी शाळा, हलाल खाणे, सगळे पायाशी आहे. ठाणे महापालिकेचे कळव्याचे मोठे रुग्णालयही दूर नाही. पण प्रवासाची भिस्त मुख्यतः धिम्या गाड्यांवर, रस्त्यांवर कोंडी आणि मुलांना खेळायला मोकळी जागा कमी. बेकायदा बांधकामांचा प्रश्न तर मोठा, त्याविषयी पुढे सांगतोच.

मीरा रोड पश्चिम रेल्वेवर दहिसरच्या पलीकडे, मीरा-भाईंदर महापालिकेत येते. अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीकडे काम असणाऱ्यांना हे सोयीचे. नया नगरसारखी आपली जुनी वस्ती आहे आणि तिला लागून मिश्र वस्तीच्या इमारतीही आहेत. त्याच्या पुढे वसई, नालासोपारा, विरार. चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर. जसे पुढे जाल तसे भाव उतरतात आणि गर्दी चढते. तिकडे पाणी किती दिवसांनी येते, टँकरवर महिन्याला किती खर्च होतो आणि पावसाळ्यात इमारतीपुढे किती पाणी साचते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत.

कल्याण हे जुने नाणावलेले शहर. मुख्य स्टेशन असल्याने जलद गाड्या थांबतात, लांब पल्ल्याच्याही थांबतात. जुन्या कल्याणात मुस्लिम मोहल्ले पिढ्यानपिढ्या आहेत आणि शेजारी भिवंडी आहे. पुढे बदलापूर, वांगणी, नेरळ या बाजूला हवा चांगली आणि भाव कमी. मात्र उल्हास नदीचा स्वभाव लक्षात ठेवावा. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती आणि प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले होते. नदीकाठच्या पट्ट्यात घर पाहत असाल तर पूररेषेची चौकशी नगरपालिकेत करा.

पनवेल आणि तळोजा हा चौथा पर्याय. रायगड-रत्नागिरीच्या आपल्या वाचकांना पनवेल सांगायला नको. माणगाव, म्हसळा, महाडकडची एसटी असो की कोकण रेल्वेच्या गाड्या, गावाची वाट इथूनच जाते. गावी वृद्ध आई-वडील असतील तर ही सोय फार मोठी. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागल्याने तळोज्याच्या नव्या वसाहतींना मोठा आधार झाला. पण पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हार्बरच्या गाडीने सव्वा ते दीड तास लागतो, हे विसरू नये. तळोजा औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता. घरात कुणाला दमा असेल तर तिथे एक रात्र मुक्काम करून, पहाटे खिडकी उघडून पाहावी. विमानतळ, सागरी सेतू यांची नावे घेऊन भाव चढवले जातात. जे आज चालू आहे त्याचे पैसे द्यावेत, जे 'येणार आहे' त्याचे देऊ नयेत.

आपल्यांत राहावे की मिश्र वस्तीत?

हा प्रश्न आपल्या घरांत हळू आवाजात विचारला जातो. म्हणून इथे मोठ्याने विचारू.

आपल्या मोहल्ल्यात राहण्याचे फायदे खरे आहेत. अजान ऐकू येते, मुलांना मक्तबसाठी दूर पाठवावे लागत नाही, ईदला घर भरते, मयत झाली तर खांदा द्यायला माणसे धावतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी भीती पाहिली, त्या वडीलधाऱ्यांना रात्रीची निर्धास्त झोप हा सगळ्यात मोठा लाभ वाटतो. त्यांना आपण नावे ठेवू नयेत.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. आपलीच शाळा, आपलीच गल्ली, आपलेच मित्र, अशा चौकटीत वाढलेला मुलगा कॉलेजात किंवा नोकरीत पहिल्यांदा बाहेरच्या जगात जातो, तेव्हा बुजतो. त्याला मराठी समजते, पण बोलायला तो कचरतो. शेजारच्या काकूंच्या घरी दिवाळीचा फराळ आणि आपल्या घरून ईदचा शीरखुर्मा, ही देवघेव ज्या लहानपणी झाली, त्या लहानपणाने माणसाला जी ओळख दिली ती पुढे कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. आणि आपल्याविषयीचे गैरसमज भाषणांनी कमी होत नाहीत. जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याने ते कमी होतात.

आमचे मत विचाराल तर ते असे : मशीद पायी जाण्याच्या अंतरावर असावी, शाळा मिश्र असावी आणि इमारतीत दोन तरी घरे अशी असावीत ज्यांच्या दारावर रात्री दोन वाजता थाप मारता येईल. ती घरे कोणत्या धर्माची आहेत, हा नंतरचा प्रश्न. हे तिन्ही मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत मिळेल, कल्याणात मिळेल, मुंब्र्यातही मिळेल. ते इमारत पाहून समजते, गावाच्या नावावरून नाही.

मिश्र वस्तीत घर घ्यायला गेले की काही ठिकाणी दलाल नाव ऐकूनच फोन ठेवतो. हा अपमान पुष्कळांनी गिळला आहे. कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणासाठी २५ हजार रुपयांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही. मात्र एका विशिष्ट समाजासाठी म्हणूनच नोंदलेल्या संस्थेचा तसा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, वैध मानला आहे. म्हणून जुन्या सोसायटीत घर घेताना तिचे उपविधी आधी मागून वाचावेत. हक्कासाठी भांडायचे की दुसरे दार पाहायचे, हे ज्याने त्याने आपले बळ पाहून ठरवावे. पण हक्क नाहीच असे समजून परत फिरू नये.

दिवसभर तिथे कोण राहते?

घर बहुतेक वेळा पुरुष पसंत करतो, आणि दिवसाचे बारा तास तो तिथे नसतो. राहते ती बायको, म्हातारी आई आणि मुले. म्हणून त्यांच्या नजरेने वस्ती पाहावी. त्यासाठी त्यांना बरोबर न्यावे, आणि ती दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान पाहावी.

शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? मुलगी सातच्या क्लासहून परतेल तेव्हा गल्लीत दिवे असतील का? रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली तर कोणत्या रुग्णालयात जायचे आणि तिथे वाहन किती मिनिटांत पोहोचेल? सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर लिफ्ट चालू असते की नुसतीच असते? औषधाचे दुकान, भाजीवाला, पिठाची गिरणी, बँक पायी गाठता येतात का? बायकांना घडीभर बसता येईल, मुलांना चेंडू खेळता येईल अशी मैदानवजा जागा कुठे आहे? माहेरचे माणूस येऊन संध्याकाळी परत जाऊ शकेल इतके ते जवळ आहे का? नवीन गावी गेलेल्या कितीतरी बायका पहिली दोन वर्षे कुणाशी न बोलता काढतात, आणि घरातला पुरुष समजतो की तिला नवे स्वयंपाकघर आवडले.

शाळेची पाहणी स्वतंत्र करावी. शाळेला शासनमान्यता आहे का, तिला यू-डायस क्रमांक आहे का, दहावीपर्यंत वर्ग आहेत की चौथीनंतर पुन्हा शोधाशोध, हे विचारावे. माध्यम मराठी, उर्दू की इंग्रजी, हा निर्णय घर ठरण्यापूर्वी व्हायला हवा, कारण प्रत्येक उपनगरात तिन्ही माध्यमांची चांगली शाळा जवळ असेलच असे नाही. अकरावी-बारावीचे कॉलेज किती लांब आहे, हेही पाहा. कॉलेज लांब म्हणून दहावीनंतर घरी बसवलेल्या मुली आपल्या समाजात कमी नाहीत. घर घेताना केलेली एवढी एक चौकशी एखाद्या मुलीचे शिक्षण वाचवू शकते.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला जीभ अडखळते : कब्रस्तान. नव्याने वसलेल्या अनेक भागांत त्याची सोय नाही किंवा जागा अपुरी आहे. घरात वृद्ध माणसे असतील तर हे आधीच विचारून ठेवलेले बरे. त्या प्रसंगी कागद शोधत फिरण्यासारखे दुसरे हाल नाहीत.

कागद पाहिल्याशिवाय पैसा नाही

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या परवानग्यांची खोटी कागदपत्रे जोडून महारेराचे क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश झाले. त्या घरांत राहणाऱ्यांनी पैसे खरेच मोजले होते. म्हणजे 'रेरा नंबर आहे' एवढ्यावर विसंबणे पुरत नाही. 'सगळेच तर राहतात' यावर तर मुळीच नाही.

चार कागद मागावेत. पहिला, जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि बिनशेतीचा आदेश. दुसरा, महापालिकेचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा. त्यात जितके मजले मंजूर आहेत तितकेच उभे आहेत ना, हे बाहेर उभे राहून मोजावे. तिसरा, भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर पाण्याच्या जोडणीपासून कर्जापर्यंत सगळे अडते. चौथा, इमारत जुनी असेल तर जमीन सोसायटीच्या नावे झाल्याचा अभिहस्तांतरणाचा दस्त. या कागदांच्या झेरॉक्स घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात क्रमांक पडताळून घ्यावेत आणि आपला स्वतःचा वकील लावून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यावा. बिल्डरने दिलेला वकील बिल्डरचाच असतो.

नव्या इमारतीत नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर ठरवावा. ओळखीचा आहे, आपल्यातला आहे, नमाजी आहे, म्हणून कागद मागायला संकोचू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा ही तर आपल्याला शिकवणच आहे. जो सचोटीचा आहे त्याला कागद दाखवण्यात अडचण येत नाही.

पैशाची गाठ

व्याज टाळण्यासाठी आपली अनेक कुटुंबे बँकेचे कर्ज घेत नाहीत. त्यांना बहुधा तीन वाटा उरतात : नातेवाइकांकडून हातउसने, बिल्डरकडे हप्ते, किंवा 'हेवी डिपॉझिट'वर घर. कर्जाविषयीचा मसला आपापल्या विश्वासू आलिमांना विचारावा. आम्ही व्यवहाराची बाजू तेवढी सांगतो.

हेवी डिपॉझिटमध्ये लाखो रुपये घरमालकाच्या हाती जातात आणि बदल्यात साध्या कागदावर चार ओळी मिळतात. मालकाने ते घर आधीच बँकेकडे गहाण ठेवलेले असेल आणि हप्ते थकवले, तर बँक ताबा घ्यायला येते तेव्हा तुमच्या चार ओळी कुणी वाचत नाही. म्हणून घरावर बोजा आहे का हे सोसायटीत आणि वकिलामार्फत तपासावे, रक्कम बँकेतूनच द्यावी आणि पूर्ण रकमेचा उल्लेख करून करार नोंदणीकृत करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नातेवाइकांकडून घेतलेली रक्कमही लिहून, साक्षीदारांच्या सहीने घ्यावी. भाऊ-बहिणींतल्या तोंडी व्यवहारांनी जितकी घरे फोडली, तितकी कुठल्या सावकाराने फोडली नसतील.

घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जिचे दागिने त्या घरात गेले, तिचे नाव त्याच्या दस्तावर असावे, यात न्यायही आहे आणि बचतही.

घाई नको

सगळे पटले तरी शक्य असेल तर त्या वस्तीत आधी अकरा महिने भाड्याने राहून पाहावे. त्यात एक पावसाळा, एक रमजान आणि मुलांची एक परीक्षा येऊ द्यावी. भाड्याचे पैसे वाया जातात असे लोक म्हणतील. आयुष्याची पुंजी चुकीच्या इमारतीत अडकण्यापेक्षा हा खर्च स्वस्त आहे.

आणि शेवटचा निर्णय बैठकीत घ्यावा. अम्मी-अब्बा, मुलगा-सून, शाळेत जाणारी मुले, सगळ्यांना बसवावे. प्रत्येकाने त्या वस्तीतली एक आवडलेली आणि एक खटकलेली गोष्ट सांगावी. कमावणाऱ्याचे मत मोठे असते हे खरे, पण त्या घरात सर्वात जास्त तास जो राहणार आहे, त्याचे बोलणे आधी ऐकावे.

ज्यांची शोधाशोध चालू आहे त्यांना हक्काचे, कायदेशीर आणि चांगल्या शेजाराचे घर मिळो, आणि त्यात बरकत असो, हीच दुआ.